टीगपेक्षा दहा टक्के वर

३ मार्च
मोहीम सुरू. पाठीच्या दुखापतीचा क्लेम सरकारकडे पुन्हा दाखल केला. सध्या माझं अपंगत्व वीस टक्के धरलंय. चाळीस झाल्याशिवाय थांबणार नाही. टीगला तीस आहेत, गुडघ्यांचे. म्हणजे मी त्याच्यापेक्षा दहाने वर.

टीग म्हणजे रॉयस टीग, फौजेतला माझा सार्जंट. एक्क्याण्णव साली जनरेटरचं खोकं दाखवून म्हणाला होता, "स्टिडम, आजीबाई, उचल की." उचललं. पाठ गेली ती तेव्हाच. आता तो गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलचा प्रमुख आहे. शुक्रवारी मासळीच्या जेवणाला प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत फिरतो. माझ्याही. मुद्दाम.

निकाल फ्रेम करून हॉलमध्ये लावणार, त्याच्या खुर्चीसमोर. शिवाय भत्ता वाढला की बायकोची, ग्लेंडाची, शनिवारची ड्यूटीही सुटेल. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिचे खांदे गेलेत. तो वेगळा फायदा.

७ मार्च
ग्लेंडाने बूट चढवून दिले. मी सांगितलं नव्हतं. नुसता बुटांकडे बघत बसलो होतो.

तिचा सल्ला: डॉक्टरला तुझा सगळ्यात वाईट दिवस सांग, उगाच मर्दुमकी नको. नवऱ्याला डावपेच शिकवतेय. संध्याकाळी हॉलमध्ये टीगने पाठीची चौकशी केली. म्हटलं, एकदम झकास. शत्रूला खबर द्यायची नसते.

११ मार्च
ग्लेंडाने काठी आणली. गॅरेजमध्ये ठेवून दिली. टीगसमोर काठी टेकत जाणं म्हणजे पांढरं निशाण फडकवणं. आजचं दळणवळण भिंतीला धरून केलं.

१९ मार्च
तपासणीची तारीख आली. जागा चाळीस मैलांवर. क्लच दाबला की कळ टाचेपर्यंत जाते, ग्लेंडाला सुट्टी नाही. हॉलची व्हॅन माजी सैनिकांना फुकट नेते.
ड्रायव्हर: टीग.
चालत जाण्याचा विचार केला. फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

२७ मार्च, सकाळ
योजना. व्हॅनमध्ये अवाक्षर काढायचं नाही. डॉक्टरसमोर सगळं दुखणं ओतायचं. टीगचा निकाल लागला.

२७ मार्च, संध्याकाळ
जमिनीवर आडवा पडून लिहितोय. असं लिहिणं जास्त सोयीचं.

टीगने माझ्यासाठी उशी आणली होती. मी दुसऱ्या सीटवर बसलो. डॉक्टर तरुण बाई, नम्र. सगळं योजनेप्रमाणे चाललं होतं. झोप नाही, उभं राहवत नाही, सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "बाहेर बसलेले सार्जंट म्हणाले, जरा सांभाळून तपासा, त्यांना हल्ली वाकवत नाही."

वाकवत नाही. हे टीग ठरवणार?

वाकलो. बोटं थेट बुटांना लावली. बाई म्हणत होती, जमेल तेवढंच करा. दुखतंय का, असंही दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ठणकावून सांगितलं, नाही मॅडम. तिने कोन मोजला, लिहून घेतला. टीग खोटा पडला, तोही सरकारी कागदावर.

परत सरळ व्हायला वेळ लागला. ती तोवर निघून गेली होती, हे बरं झालं. बाहेरच्या पॅसेजमध्ये पायांनी दगा दिला, दोन्ही. टीगने मला उचललं आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवं केलं. म्हणाला, "हळू, वर्नन." तीस-पस्तीस वर्षांत त्याने मला नावाने हाक मारलेली नाही. हलकट डाव.

डोळ्यांतून थोडं पाणी आलं. खिडकी उघडी होती.

१२ मे
निकाल. पाठीत लक्षणीय सुधारणा. विसाचे दहा टक्के करण्याचा प्रस्ताव. हरकत असल्यास साठ दिवसांत पुरावा द्या.
ग्लेंडाने दोनदा वाचलं. शनिवारचा डबा भरायला लागली.

१५ मे
ग्लेंडाने मला न विचारता टीगला बोलावलं. आला. केक खाल्ला, दोन तुकडे. साक्षीदार म्हणून लेखी जबाब देतो म्हणाला. ग्लेंडाने पेन दिलं.

त्याने विचारलं, "खरं लिहू, की तुला आवडेल ते?"
म्हटलं, त्यात फरक काय.
"खरं लिहिलं तर मी तुला उचलून नेलं ते येईल. तू रडलास तेही."

ग्लेंडाचे हात भांड्यांवर थांबले. तिला हे ठाऊक नव्हतं.

इथे सूड हाताशी होता. नुसतं नाही म्हणायचं. टीग हात हलवत परत गेला असता. ग्लेंडाने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. एका हाताने खांदा दाबत उभी राहिली.

म्हटलं, लिहा, सार्जंट.

किती वेळ रडत होतो, त्याने विचारलं. थोडाच, मी सांगितलं. "सगळा रस्ता, वर्नन," तो म्हणाला आणि तसंच लिहायला लागला. पेन काढून घ्यायला उठणार होतो. उठवलं नाही.