नेमून दिलेली दोन घरं

मॅडम, तुम्हाला लिहायचं म्हटलं की अजूनही थोडी धास्ती वाटते. कॉलेजात आमच्या ड्रॉइंगमध्ये काही चुकलं की तुम्ही लाल पेन्सिल काढून टेबलावर ठेवायचात, चूक आम्हीच शोधायची. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली. मी तेव्हा नुकताच सिडनीत आलो होतो, नव्या नोकरीत रजा मागायची हिंमत झाली नाही, म्हणून तुमच्या आजारपणात भेटायलाही आलो नाही. ते राहिलंच. पण आज लिहितोय ते त्यासाठी नाही. तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला पाठ आहे अशा भ्रमात मी इतकी वर्षं काढली.

चौथ्या वर्षाच्या सेमिनारला विषय मीच निवडला होता, अमेरिकेतल्या वाळवंटात मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलेली गावं. त्यांच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांनी मला वेड लावलं होतं. हाकलून दिलेली माणसं कुठून कुठे येतात, आणि गाडे थांबतात न थांबतात तोच पुढारी जमिनीवर रेघा आखायला घेतो. सरळ चौकोनी वस्ती, बैलांची जोडी गाडीसकट वळेल एवढे रुंद रस्ते, सगळ्यांनी मिळून खणलेले पाट, अडीनडीसाठी गावाचं एक कोठार. आठवडाभर खपून मी नकाशा काढला आणि रविवारी सकाळी तुमच्या घरी घेऊन आलो. तुम्ही थालीपीठं लावत होतात. ओट्यावर जागा नव्हती म्हणून मी नकाशा फ्रिजच्या दाराला चिकटवला. तुम्ही हात पुसता, चष्मा वर करता आणि बराच वेळ बघत राहता. माझी अपेक्षा अर्थातच शाबासकीची. तुम्ही विचारता, "या गावात एखादी म्हातारी आजारी पडली, तर सगळ्यात आधी कोणाला कळेल?"

मी म्हणालो, शेजाऱ्यांना. तुम्ही दोन घरांमधल्या अंतरावर बोट ठेवलंत. "एवढ्या लांबून? नाही कळणार. त्या पुढाऱ्यांनाही ते माहीत होतं, म्हणून त्यांनी माणसं नेमली. ठरलेल्या घरी नेमाने जायचं, आत जाऊन बसायचं, कसं चाललंय विचारायचं. तू रस्ते काढलेस. त्यावरून चालत कोण कोणाकडे जातंय?" तव्यावरचं थालीपीठ उलटत तुम्ही हेही सांगितलंत की त्यांची भक्ती करू नकोस, ती जमीन आधी दुसऱ्यांची होती, आणि घरी येणारा माणूस मदतीला आलाय की नजर ठेवायला, हे त्या घरातल्या बाईलाच ठाऊक. मी हिरमुसलो. तुम्ही लोण्याचा गोळा जरा मोठाच वाढलात, आणि निघताना ती लाल पेन्सिल माझ्या खिशात खोचलीत. म्हणालात, आता तुझी तूच वापर.

इथे मी नव्या वसाहतींचे रस्ते आखतो, मॅडम. रुंद, गुळगुळीत, प्रत्येक घराला पुढे गॅरेज. माणूस गाडीतून येतो, गॅरेजचं दार वर जातं, खाली येतं, संपलं. आम्ही राहतो त्या क्वेकर्स हिल या उपनगराचंही तसंच. साथीच्या दुसऱ्या वर्षी आमचा भाग कडक लॉकडाऊनमध्ये गेला, तेव्हा मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मराठी घरांचा ग्रुप होताच. मी सगळ्यांची यादी केली, नकाशावर ठिपके मांडले आणि प्रत्येक कुटुंबाला दोन-दोन घरं नेमून दिली. रोज चौकशी करायची आणि सगळ्यांच्या ऑनलाइन शीटमध्ये घरापुढे हिरवी खूण करायची. एकाच्या गॅरेजमध्ये डाळ-तांदूळ-पिठाचं कोठारही केलं, कोणी आजारी पडलं की पिशवी दाराशी ठेवून यायची. लोकांनी कौतुक केलं. मीही कल्पना कुठून आली ते ऐटीत सांगायचो, तुमचं नाव घेऊन. हळूहळू मला ते पुढारीपण आवडायला लागलं. एखाद्याची खूण दुपारपर्यंत आली नाही तर मी ग्रुपवर सगळ्यांदेखत टोकायचो.

माझ्या वाट्याच्या दोन घरांपैकी एकात डॉक्टर जोडपं होतं, त्यांना माझी काही गरज नव्हती. दुसऱ्यात पुण्याहून आलेला एक आयटीवाला आणि त्याची आई. ती तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकून पडली होती. मी मुलाला रोज सकाळी मेसेज करायचो, "सगळं ठीक ना?" त्याचं उत्तर यायचं, "ऑल गुड, नो वरीज." मी खूण करायचो. घर आमच्या फिरायच्या रस्त्यावरच होतं. व्यायामाला बाहेर पडायची परवानगी होती, त्यामुळे मी आणि बायको रोज त्यावरून जायचो. त्या आजी खिडकीत उभ्या असायच्या. मी हात करायचो, त्याही हात करायच्या. असे तीन-चार दिवस गेल्यावर बायको म्हणाली, "अरे, त्या रोज याच वेळेला खिडकीत का असतात? आणि बाहेर उभी असायची ती त्याची गाडी दिसत नाही." मी म्हटलं, बोअर होत असेल बिचारीला. आणि चाल मंद केली नाही, कारण माझी पावलं मोजणारं घड्याळ चालू होतं.

मुलगा हॉस्पिटलमध्ये होता, मॅडम. तिथल्या खाटेवरून, नाकात ऑक्सिजनची नळी असताना तो मला नो वरीज लिहीत होता. आपल्या घरात कोविड आला हे ग्रुपला कळलं तर लोक काय म्हणतील, अमक्याच्या घरून पसरला असं बोट दाखवतील, ही त्याला भीती. मी ग्रुपवर लोकांना कसा टोकतो ते त्याने पाहिलंच होतं. त्याने आईला बजावलं होतं, दार उघडायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. तिला स्वतःलाही ताप होता. बटणांची शेगडी तिला लावता येत नव्हती, ती रोज तोच लावून द्यायचा. सहा दिवस ती भिजवलेले पोहे आणि बिस्किटं खाऊन राहिली.

सातव्या दिवशी तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियनाने मला रस्त्यात थांबवलं. आम्ही कधी बोललेलो नव्हतो. "मेट, ते तुमच्यातलेच ना? त्यांच्या कचऱ्याच्या बिन्स या आठवड्यात बाहेर आल्याच नाहीत. मी ॲम्ब्युलन्सला फोन केलाय." मी खिडकीकडे पाहिलं. त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं, मॅडम. सगळ्यात आधी त्याला कळलं, आणि आमच्या यादीत त्याचं नावही नव्हतं.

दोघं वाचले. ग्रुपवर मी लांबलचक मेसेज लिहिला की कोणीही आजार लपवू नये, लपवल्यामुळेच आपली व्यवस्था कोलमडते. सगळ्यांनी अंगठे वर केले. खिडकीबद्दल त्यात मी एक अक्षरही लिहिलं नाही.

लॉकडाऊन उठल्यावर आजी मुलाबरोबर आमच्याकडे आल्या, बेसनाचे लाडू घेऊन. फार वाळल्या होत्या. मी त्यांना आत बसवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "त्या दिवसांत तुमचाच आधार होता हो. सकाळ झाली की मी भिंतीला धरत धरत खिडकीशी यायचे. म्हटलं, हा माणूस रोज मला बघायला एवढ्या लांब येतो, आपण निदान उभं तरी राहावं." मुलगा खाली मान घालून बसला होता. बायको दारात पाण्याचा ट्रे घेऊन थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

तुमची पेन्सिल टेबलाच्या खणात आहे. ती शीट मी अजून पुसलेली नाही, त्या घरापुढच्या त्या सहाही दिवसांच्या खुणा हिरव्याच आहेत. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्न नाही, आणि तुम्ही असतात तरी मी ते पाठवलं असतं असं वाटत नाही. आजींनी विचारलं होतं, "माझ्यासाठीच येत होतात ना?" मी हो म्हणालो, मॅडम.