काकूंच्या दाराची फट

१९ नोव्हें.
देशमाने काकूंकडे एकदाचं काम झालं. थंडी आत येऊ नये म्हणून फटी बुजवल्या, माळ्यावर इन्शुलेशन, पुढच्या दाराला रबरी पट्टी. सगळं सरकारी योजनेतून, फुकट. ह्या योजनेचा प्रचार करणं ही माझी नोकरी. पण काकूंना अर्ज भरायला लावता लावता माझी जीभ झिजली. नागपूरच्या रिटायर्ड शिक्षिका, इथे परदेशात नेपरव्हिलात एकट्या, घरात कोट घालून पोळ्या लाटायच्या!
त्यांची बेल केव्हाची बिघडलीय. पायरीवर पाय ठेवला की फटीतून आवाज यायचा, "ये गं, उघडंच आहे." आज म्हणाल्या, "वारा येत नाही तर चुकल्यासारखं वाटतंय."

८ डिसें.
हीटिंगचं बिल उतरलं. काकू खूश. फोटो काढला, स्वेटरशिवाय. "सक्सेस स्टोरी? म्हणजे पहिला नंबरच की माझा!" ऑफिसच्या इंग्रजी पत्रकात छापायला आनंदाने हो म्हणाल्या. आता इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीसाठी त्याचंच मराठी पत्रक. मीच लिहिणार, ऑफिसात दुसरं कोणाला येतंय!

१८ जाने.
पत्रकं हातोहात गेली. मी आपलीच पाठ थोपटत फिरतेय. काकूंनी एक उचललं, वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. तिळगूळ न घेताच गेल्या. बर्फामुळे घाई असेल.

१९ जाने.
बर्फ कसला! फोन केला तेव्हा कळलं. फोटोखाली मी लिहिलंय, 'आमच्या समाधानी लाभार्थी'. इंग्रजीत साधं 'नेबर' होतं. मला भारदस्त शब्द हवा होता ना.
काकू म्हणाल्या, "आमच्या शाळेत फुकट गणवेशवाल्या पोरांना वर्गात उभं करून नावं वाचायचे. लाभार्थी अमुक, लाभार्थी तमुक. पोरं माना खाली घालायची. मी भांडून बंद करवलं ते." मग म्हणाल्या, "घर छान गरम आहे. तुम्ही काळजी करू नका."
तुम्ही! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फार लाज वाटली.

२४ जाने.
पत्रक बघून मंडळातल्या दोन घरांनी हळूच फोन केला. तीही कुडकुडतच होती, कुणाला न सांगता. ऑफिसात माझं कौतुक. शब्द बदलू या म्हटलं तर बॉस म्हणते, "इट्स वर्किंग, व्हाय टच इट?"
खरंच वर्क होतंय. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

१ फेब्रु.
उरलेली पत्रकं फाडली. नवं केलंय, फोटोशिवाय, त्यात 'शेजारी' लिहिलंय. रथसप्तमी व्हायचीय अजून, म्हणून ते आणि तिळगुळाचा डबा घेऊन काकूंकडे गेले. पायरीवर बर्फ करकरला. एव्हाना "ये गं" आलं असतं.
दार ठोठावलं. परत ठोठावलं. स्वयंपाकघरात दिवा होता, काकूंची सावली हलताना दिसली. आत ऐकू जात नसेल. दार फार उत्तम बसवलंय, मीच पत्रकात छापलंय तसं: बाहेरचा आवाजसुद्धा आत येत नाही.
डबा पायरीवर ठेवून आले.
फोन खिशातच होता. तो ऐकू गेला असता. म्हणून नाही केला.