डाव्या पायाचा बूट, नग एक

गडमुडशिंगी,
शुक्रवार, दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत

तीर्थरूप आकाराममामा यांना भाचा ऋतुराज याचा दोन्ही हात जोडून, खाली वाकून नमस्कार. (वाकलो आहे खरा, पण तुमच्यावर जरा रागही आहे. तो पुढं येईल.)

इकडं सगळी बरी आहेत. तुमची आक्का, म्हणजे आमची आई, रोज सकाळी तुमच्याकडच्या पावसाची बातमी विचारते, जसं काय मी हवामान खात्यात कामाला आहे. तुमची तब्येत, मामीचा खोकला, गोठ्यातली नवी वासरी, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. गुडघ्यांचं मात्र मुद्दाम विचारत नाही. का, ते पत्र संपेपर्यंत कळेल. हे पत्र गगनबावड्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. फोन करणार होतो, पण तुमचा फोन असतो मामीच्या हातात, आणि मामी तो स्पीकरवर टाकून चुलीपुढं ठेवते. मी इकडं बोललो की तिकडं निम्म्या आळीला ऐकू जातं. तेव्हा हे गोठ्यात बसून एकट्यानं वाचा. वासरीनं वाचलं तर चालेल.

तर मामा, माझं लग्न ठरायच्या बेतात आहे, किंवा मोडायच्या. कागलची तेजस्वी तुम्हाला माहीत नाही. कॉलेजात ती माझ्यापुढं दोन बाक सोडून बसायची. पुढं परीक्षेत सुपरवायझरनं मला पेन झटकू नको म्हणून सांगितलं, मी पेपर त्याच्या टेबलावर ठेवून बाहेर पडलो, आणि पुन्हा आत जायला मान वाकेना म्हणून कॉलेजच सुटलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेज सुटलं तरी तेजस्वी सुटली नाही. आता मी मोटर वायंडिंगच्या दुकानात आहे, काम सगळं इथल्या शेतकऱ्यांचं, तरी आठवड्यातून तीनदा मी कागलला जातो. (तिथं पंक्चर चांगलं काढतात.) तिचे वडील हंबीरराव रिटायर्ड हवालदार. शेवटी तिनंच घरात विषय काढला. हंबीररावांनी मला बोलावलं, चहा पाजला, घराणं विचारलं, नातेवाइकांची नावं गावासकट वहीत उतरवून घेतली, आणि म्हणाले, "पोरगं ताब्यात गेलतं का अटकेत गेलतं, एवढं मला कागदावर दावा. मग बैठकीचं बघू."

त्यांना हे कळलं कसं, असं तुम्ही विचाराल. मामा, मीच सांगितलं होतं. म्हणजे त्यांना नाही, पण बाकी सगळ्यांना. गेली सहा वर्षं, जिथं चार माणसं बसली असतील तिथं, फुटबॉल फायनलची ती मॅच, लाइनमनचा तो झेंडा, माझा बूट आणि माझी अटक ही गोष्ट मी सांगत आलो. न्हाव्याच्या दुकानात, हळदीत, एकदा तर बाराव्याला. गोष्टीचा शेवट नेहमी तुमच्यावर व्हायचा: माझ्या मामानं एका फणसावर मला पोलिसांतनं सोडवून आणलं. लोक हसायचे. खरं सांगायचं तर तेजस्वीनं पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडं बघितलं ते याच गोष्टीला.

ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. आमच्या तालमीच्या टीमचा गोल लाइनमननं ऑफसाइड दिला आणि माझ्या डोक्यात जाळ झाला. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून पायातला काढला. बूट थेट त्याच्या कानाला. (नेम तुम्हीच शिकवला होता, मे महिन्याच्या सुट्टीत, परसातल्या जांभळीवर. मान ताठ, डोळा घोसावर, हात खांद्यातनं. तेव्हा घोस पडला की तुम्ही गावाला ऐकू जाईल अशी शीळ घालायचा.) पळून गेलो असतो, पण बूट नवा होता, आणायला प्रेक्षकांतनं खाली मैदानात उतरलो आणि सापडलो. ठाण्यात बाकावर आम्ही पाच जण, त्यात एका पायात बूट असलेला मी एकटाच. वडिलांना कळवायची हिंमत नव्हती, तुम्हाला फोन लावला, तर तुम्ही नेमके रंकाळा स्टँडवर उतरत होता. अर्ध्या तासात तुम्ही दारात. एका खांद्यावर फणस, काखेत फाइल. फणस साहेबांच्या टेबलावर ठेवला तसा सगळ्या ठाण्याला त्याचा वास सुटला. मग तुम्ही आतल्या खोलीत गेला आणि तुमचा आवाज एवढा चढला की बाकावरची पोरं मला म्हणाली, तुझा मामा आमदार आहे काय. तासाभरानं बाहेर आला ते हसतच. फणस फोडला. साहेब, हवालदार, आम्ही पाच जण, सगळ्यांनी गरे खाल्ले. बोटं चिकटली म्हणून कुणीतरी खोबरेल मागवलं. तुम्ही कोपऱ्यात उभं राहून बोटं कितीतरी वेळ चोळत होता. मी म्हटलं, एवढं काय? तुम्ही म्हणाला, चीक निघंना. आणि घराकडं चालताना एवढंच सांगितलं की आक्कानं फणसाचं विचारलं तर गाडीत राहिला म्हण.

आता हंबीररावांच्या कागदाकडं येतो. पहिल्यांदा मोबाइलवर शोधलं. पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडायचा, ठाणं निवडायचं, तारीख निवडायची, की अटक झालेल्यांची यादी निघते. त्याआधी वाकडी अक्षरं ओळखून लिहायची असतात. मी माणूस आहे हे त्याला पाचव्या वेळेला पटलं, आणि पटल्यावर त्यानं सांगितलं की एवढं जुनं इथं नाही. मग जिल्ह्याच्या ऑफिसबाहेर फलक असतो असं कळलं, तिथं गेलो. त्यावर ताज्या अटकेची नावं होती. मी खालून वर, वरून खाली वाचत उभा राहिलो, तर पहाऱ्यावरचा शिपाई माया करून म्हणाला, घरातलं कोण हाय का पावणं? मी म्हटलं, मी मलाच शोधतोय. त्यानं बंदूक या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली.

शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महिन्यानं उत्तर: आपल्या नावे अटकेची नोंद अभिलेखावर आढळून येत नाही. मामा, शहाण्या माणसानं हा कागद कपाळाला लावून कागल गाठलं असतं. माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षं ज्या अटकेवर मी गावात मान वर करून फिरलो, ती नाहीच म्हणजे काय? तसाच ठाण्यात गेलो. तिथं कागदपत्रं बघायला मेहमुदा मॅडम आहेत. त्यांना म्हटलं, तुमचं रेकॉर्ड चुकलंय, मला अटक झाली होती, नीट बघा. त्यांच्या नोकरीत अटक झाली म्हणून भांडायला आलेला मी पहिलाच. त्यांनी शांतपणे समजावलं की चौकशीला आणणं म्हणजे अटक नव्हे, अटक म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे, आणि तुला तर नुसतं बसवलं होतं, समज देऊन सोडलं. मी म्हटलं, अडीच तास बसवलं होतं, बाकावर.

"दवाखान्यात बी बसवत्यात की," मॅडम म्हणाल्या. "मग काय ऑपरेशन झालं म्हणून सांगत फिरतोस व्हय?"

मी हटेना, तेव्हा त्यांनी वैतागून त्या दिवसाची डायरी काढली, बघ म्हणाल्या तुझ्या डोळ्यानं. बघितलं. पाच पोरांना समज दिली, एवढंच होतं. त्याच्याखाली त्या दिवशीची एकमेव अटक. आकाराम, वय चव्वेचाळीस. म्हटलं, आपल्या जिल्ह्यात आकाराम काय कमी आहेत? पुढं वाचलं: सदर इसम ठाण्यात येऊन मोठमोठ्याने बोलू लागला व लाइनमनच्या दिशेने बूट आपणच भिरकावल्याचे त्याने स्वतःहून सांगितले. बोटांचे ठसे घेतले. हमीपत्रावर सोडले. जप्त: डाव्या पायाचा बूट, नऊ नंबर, नग एक. आणि अंगझडतीत मिळालेल्या वस्तू: तंबाखूची चंची एक, चष्मा एक, गगनबावडा ते कोल्हापूर एसटीचे तिकीट एक, पोलीस पाटील पदाचा भरलेला अर्ज एक, पिकलेला फणस एक.

मेहमुदा मॅडमना हसू आवरेना. "ह्यो बाबा फणस घेऊन मॅच बघायला आलता काय?"

मला हसू आलं नाही. मामा, तो चीक नव्हता, ती शाई होती.

आता माझ्या रागाचं. तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं? माझा बूट, माझा नेम, माझा लाइनमन. मला न विचारता तो तुम्ही परस्पर कसा काय मारलात? दुसऱ्या दिवशी तो अर्ज प्रांत ऑफिसात द्यायचा होता. पंचेचाळिशीच्या आतलं तुमचं ते शेवटचं वर्ष. तुम्ही पहाटेच्या गाडीनं परत गेलात आणि सगळ्यांना सांगितलंत की गुडघे दुखतात, गावभर कोण हिंडतंय. मामी आजपण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, गुडघ्यांनी दगा दिला नसता तर आमच्या घरात पोलीस पाटीलकी असती. आणि मी शहाणा गेल्या दिवाळीत तुमच्यासाठी गुडघ्याचं तेल घेऊन आलो होतो. तुम्ही ते माझ्यासमोर बसून लावलंत. (दोन्ही गुडघ्यांना. त्याच पायांनी दुसऱ्या दिवशी जांभळीवर चढला होता, हे मी बघितलंय.)

त्या पानाची नक्कल मी मागून घेतली. मग माझ्या हातनं नेहमीसारखा घोटाळा झाला. हंबीररावांना द्यायचा होता फक्त माझा कागद, पण रागाच्या भरात दोन्हीला एकच टाचणी मारली होती, ती मी विसरलो. त्यांनी पहिला कागद वाचला, मान डोलावली. कागद उलटला. मग ती नातेवाइकांची वही काढली आणि तुमच्या नावावर बोट ठेवलं. "पोरगं स्वच्छ हाय. मामा न्हाय," म्हणाले. "बैठकीला दुसरा कोण तर वडीलधारा आणा."

आत पोह्याला फोडणी पडली होती, दारात तेजस्वी उभी होती, आणि मी गप्प बसलो असतो तर मामा, आत्ता मी साखरपुड्याच्या तारखा कळवत असतो. पण मी उठलो. म्हटलं, बूट माझा होता, मारला मी, लागला तोसुद्धा माझ्याच नेमानं, आणि आमच्या मामाचं नाव तुमच्या वहीत राहणार नसेल तर माझंही खोडा. एवढं बोललो आणि बसायचं की जायचं ते सुचेना म्हणून तसाच उभा राहिलो. हंबीररावांनी चष्मा लावला आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तिकिटापाशी थांबले. विचारलं, बावड्याची चारची गाडी रंकाळ्याला कितीला लागते? मी म्हटलं, सहाला. मॅच सुटली कितीला? साडेपाचला. मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि त्या अर्जाच्या ओळीवर जाऊन बसलं. तीस वर्षं पोलिसात घालवलेला माणूस. तो अर्ज कुणी भरतं, तो भरायला काय लागतं, आणि अटकेच्या नोंदीनंतर त्याचं काय होतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पोहे येऊन गार झाले.

"येत्या रविवारी मामास्नी घिऊन या," ते म्हणाले. "तुमी न्हाय आला तरी चालंल."

तेव्हा मामा, रविवारी यायचं. पहिली गाडी पकडा, मी स्टँडवर उभा असेन. मामीला काही नवीन सांगू नका. आक्काचे गुडघे दुखतात म्हणा, आपल्या घरात ते कारण चालतं. मामीस आणि वासरीस माझा नमस्कार.

तुमचा भाचा (नेम तुमचाच),
ऋतुराज

ता. क. फणस पिकले असतील. एक आणा. हंबीररावांनी तोंडानं मागितला नाही, पण ती यादी वाचताना शेवटच्या वस्तूवर त्यांनी आवंढा गिळलेला मी बघितला.

ता. क. २. तेजस्वी चार दिवस झाले बोलत नाही. तिचा एकच निरोप आला: म्हंजे तुला अटक झालीच न्हवती? तिनं सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. तेव्हा बैठकीत तिच्या वडिलांसमोर मी किती निर्मळ आहे ते सांगा, आणि पाणी द्यायला ती बाहेर येईल तेव्हा हळूच तिला सांगा की पोरगं थोडक्यात हुकलं.

ता. क. ३. हे पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. येताना आधार कार्ड आणा. तो बूट अजून ठाण्यात आहे, कपाटात, चिठ्ठी बांधून. उजव्या पायाचा मी सहा वर्षं माळ्यावर जपून ठेवलाय, दोन्ही मिळाले तर बैठकीला घालीन म्हणतो. मेहमुदा मॅडमना सांगितलं, बूट माझा आहे, द्या. त्या म्हणाल्या, कागदावर तो तुझ्या मामाचा हाय, मामाला सही करू दे. तेव्हा एवढी एक सही करा, मामा. आणि पायात घालून दाखवा म्हणाले तर बोटं जरा पसरून धरा, तुमचा पाय सात नंबरचा आहे, हे त्यांना नकोच कळायला.