साखरपुड्याचा फोटोवाला आणि उठणारा माणूस

राहुरी,
२ फेब्रुवारी, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप भिमाजी दाजींना मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे सध्या मनातल्या मनात). बायडाअक्काची शुगर, तुमची पाठ आणि जामखेडची ज्वारी या तिन्हींचं कसं काय चाललंय ते कळवा. आम्ही इकडे खुशाल आहोत. पाकीट बघून तुम्ही दचकाल, की घरात दोन मोबाईल असताना या मेहुण्याला पोस्टाची काय आठवण झाली. पण दाजी, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी 'हॅलो' म्हणतो, तुम्ही 'बोल' म्हणता आणि पुढची वीस मिनिटं तुम्हीच बोलता, तेही स्पीकरवर, म्हणजे सगळी आळी ऐकते. पत्राला मधे तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर आमच्या ज्ञानेश्वरीचा साखरपुडा याच महिन्याच्या वीस तारखेला धरलाय. नेवाशाचा अमृत, तुम्ही बघितलेलाच आहे. पोरीने होकार देताना माझ्याकडून दोन शब्द घेतले. एक, साखरपुड्याचे फोटो चांगले पाहिजेत, कुणाच्या तरी मोबाईलमधले हललेले नकोत. दुसरा, लग्न तिची एम.एस्सी. झाल्याशिवाय नाही. इथल्याच कृषी विद्यापीठात तिचं शेवटचं वर्ष आहे, जूनपर्यंत कांद्याच्या बियाण्यावरचा प्रबंध पुरा करायचाय. (तो तिने मला तीनदा समजावला. मला एवढंच कळलं, की आजवर आपण कांदा चुकीचा लावत आलो.) मी दोन्हींना छातीठोक हो म्हटलं. दुसरा शब्द पाळायला काही करायचंच नव्हतं, नुसतं थांबायचं होतं, म्हणून आधी पहिल्याच्या मागे लागलो.

सुरुवात नगरपासून केली (पाटीवर अहिल्यानगर झालं, कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच आहे). स्टुडिओ असा, की चपला बाहेर काढाव्यात की काय ते कळेना. तिथल्या दाढीवाल्या साहेबांनी मला कॉफी दिली, तेव्हाच मी समजलो, की हे आपल्याला परवडायचं नाही. त्यांनी विचारलं, कन्सेप्ट काय आहे? मी म्हणालो, कन्सेप्ट म्हणजे मुलगी आमची आणि मुलगा नेवाशाचा. मग त्यांनी मला कॅन्डिड समजावलं. कॅन्डिड म्हणजे आपण भलतीकडे बघत असायचं, त्यांनी गुपचूप फोटो काढायचा आणि त्याचे साध्या फोटोपेक्षा जास्त पैसे लावायचे. आपल्या घराण्यात तर आजवर एक माणूस फोटोत समोर बघताना सापडलेला नाही, सगळा अल्बम कॅन्डिड आहे आणि तोही फुकटात. वर पुन्हा ड्रोन. तो कशाला म्हणालो, तर म्हणे वरून मांडव दिसतो. वरून मांडवाचं कापड दिसणार, ते मी भाड्याने आणताना दोन्ही बाजूंनी बघणारच आहे. आकडा ऐकून मी उठलो, पण कॉफी संपवून उठलो.

मग राहुरीत स्टँडसमोरचा पासपोर्ट फोटोवाला गाठला. माणूस भला, दर अगदीच स्वस्त. नमुना म्हणून त्याने माझा आणि ज्ञानेश्वरीचा एक फोटो काढला. मागे निळा पडदा, हनुवटी खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. आणि हाताच्या सवयीने आठ प्रती कापून पाकिटात घालून दिल्या. पोरगी म्हणाली, आप्पा, आपण बँकेत जॉइंट खातं उघडायला चाललोय असं वाटतंय. त्याच्यानंतर आपल्या गावातला करण, फ्लेक्सवाला. वाढदिवस, निवडणुका आणि श्रद्धांजल्या ही त्याची तीन पिकं. तो म्हणाला, फोटो कसा का येईना, बाकीचं मी कॉम्प्युटरवर बघतो. चार दिवसांनी नमुना घेऊन आला. त्यात माझ्या डोळ्याला गॉगल आणि कानाला मोबाईल, अमृतच्या मागे दोन वाघ, आणि आईचा फोटो वरच्या कोपऱ्यात गोलात, मागे उजेड, पुढे समई आणि खाली ठळक अक्षरात 'बनुबाई'. आता हे तुमच्या सासूबाईंना कसं दाखवायचं, म्हणून मी दोन दिवस तो कागद लपवला. शेवटी तिलाच तो सापडला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "लई झ्याक आलाय. ठिवून दे, पुढं लागंलच." हल्ली आल्यागेल्याला तोच दाखवते.

शेवटी समर्थ सापडला. शेजारच्या गावचा, कॅमेरा चांगला, काम स्वच्छ, दर आवाक्यातला. इसार द्यायला मी खिशात हात घातला, तर म्हणाला, "आधी सांगा, साखरपुडाच हाय ना नक्की?" मग त्याचं दुखणं बाहेर पडलं. गेल्या सीझनला साखरपुडे म्हणून घेतलेल्या पाच ऑर्डरींपैकी तीन ठिकाणी जागेवरच लग्न लागलं. सुपारी फुटते, पंगत बसायच्या आत कुणीतरी उठतं, माईक घेतं आणि म्हणतं, पाहुणे जमलेत, मांडव आहे, भटजी आहेत, दोनदा खर्च कशाला, लावून टाका. टाळ्या पडतात, हळद दुकानातून येते आणि समर्थची बॅटरी दुसऱ्या मंगलाष्टकाला मान टाकते. म्हणून आता तो ऑर्डर घेण्याआधी विचारतो, "तुमच्या पाव्हन्यांत कुनी उठनारा मानूस हाय का?" मी म्हणालो, छे, आमच्यात सगळे बसणारेच. त्याने तसा कागद केला, मी सही केली. मग काम दाखवायला त्याने लॅपटॉप उघडला. पहिल्या लग्नात एक गृहस्थ माईक धरून उभे, पांढरी टोपी, एक बोट आभाळाकडे. दुसऱ्या लग्नात तेच गृहस्थ. तिसऱ्यात टोपी नवी, बोट तेच. दाजी, फोटोत तुम्ही फार रुबाबदार दिसता. समर्थ म्हणाला, "ह्यो कोन हाय म्हाईत न्हाई, पन समदीकडं असतोय." मी घाईघाईने दोन चहा सांगितले.

असो. अक्काला घेऊन आदल्या दिवशीच या. तुम्ही थोरले जावई, तुमच्याशिवाय सुपारी फुटायची नाही. इकडून सगळ्यांचे नमस्कार. पोराबाळांना माझे आशीर्वाद सांगा.

आपला मेहुणा,
मच्छिंद्र

ता. क. : हे एवढं लांबण फोटोवाल्यापायी लावलेलं नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. दाजी, वीस तारखेला उठू नका. माईक मी आणणारच नाही, पण तुमच्या आवाजाला माईक लागत नाही. अमृत जूनपर्यंत थांबायला तयार आहे. त्याच्या वडिलांना मात्र घाई आहे, कुणीतरी मोठ्याने म्हणायचीच ते वाट बघताहेत.

ता. क. दुसरा : तुम्ही म्हणाल, तुझ्याही साखरपुड्यात मीच उठलो होतो, काय वाईट झालं? काही नाही झालं. संसार छान झाला. पण तेव्हा हिची बारावीची परीक्षा एकवीस दिवसांवर होती, हॉलतिकीटसुद्धा आलेलं होतं. ती परीक्षा राहिली ती राहिलीच. सव्वीस वर्षांत ती मला त्यावरून एक शब्द बोललेली नाही. परवा ज्ञानेश्वरी माझ्याकडून शब्द घेत होती, तेव्हा ही भाकरी थापायची थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं, दाजी.

ता. क. शेवटचा : खरं सांगू? मला तुमची भीती नाही, माझी आहे. चार पाहुण्यांसमोर थोरलं माणूस काही बोललं, की माझी मान आपोआप हलते. तुम्ही उठून 'लावून टाका' म्हणालात, तर मांडवातला पहिला 'व्हय' माझाच असेल. तेव्हा पाया पडतो, बसून राहा.