निळी जर्सी कोणाची

शुक्रवार संध्याकाळ, अल मनखूल, दुबई

खलास. इंडियाच्या ज्युनियर फुटबॉल कॅम्पला कोच सर माझं नाव पाठवणार होते. आज प्रॅक्टिसनंतर माझा पासपोर्ट बघून म्हणाले, "अरे, तू तो कॅनेडियन है!" मी लगेच ओसीआय कार्ड पुढे केलं. त्यावर 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' लिहिलंय ना? सर हसलेसुद्धा नाहीत. "बेटा, इससे बस वीज़ा नहीं लगता. टीम के लिए इंडियन पासपोर्ट चाहिए, और इंडिया दो पासपोर्ट रखने नहीं देता."

आणि आम्ही घरात सगळे इतकी वर्षं समजत होतो की माझे, या सानिकाचे, दोन देश आहेत!

घरी आले तर मामाने पुण्याहून पाठवलेली इंडियाची निळी जर्सी आईने इस्त्री करून दारामागे लावलेली.

बाबांना विचारलं, कॅनडाचा पासपोर्ट सोडून दिला तर? "वेडी आहेस का? लोक त्याच्यासाठी जन्म घालवतात. तिकडून खेळ की!" तिकडून? मी तिथे फक्त जन्मले, तान्ही असतानाच दुबईला आले. तिथे मला कोण ओळखतं? आणि इथली तरी कुठे आहे मी? बाबांचा व्हिसा आहे तोवर.

धाकटा चिन्मय दुबईत जन्मला; इथे जन्मून इथला पासपोर्ट मिळत नाही, म्हणून तो आई-बाबांसारखा इंडियन. त्याला ऑफसाइडसुद्धा कळत नाही. आत्ता मला जेवायला बोलवायला आला, तर माझी जर्सी घालून. गुडघ्यापर्यंत येतेय. "ताई, लुक! इट ऑलमोस्ट फिट्स मी!"

ओरडणार होते. पण काय म्हणून ओरडू? त्याला चालते ती.