वाळ्याचं अक्षर

१२ मे
ऑर्किडची कुंडी उपडी केली तर मातीबरोबर वाळा पडला. वीतभर, दोऱ्यासारखा, चकचकीत. सुजीवा — माझी सून, मी बोलते ते हीच लिहिते — खुर्चीवर चढली. "अम्मा, साप!" म्हटलं, आंधळा आहे तो. तू खुर्चीवर आहेस हे त्याला कळायचंही नाही. वेसाक, बुद्धाची पौर्णिमा, तोंडावर आलीय, मारायचं नाव नको. परत कुंडीत ठेवला.

१४ मे
डॉक्टरने मोतीबिंदू काढायला तीस तारीख दिली. मी नाही म्हटलं. धनपाल, माझा मुलगा, वैतागला. "अम्मा, काल खोबऱ्याच्या सांबोलात मीठ सोडून साखर घातलीस." म्हटलं, तू गोड बोलावंस म्हणून. वाळ्याला डोळे नाहीत, त्याचं काही अडतं का?

१५ मे
वाळा बरा आहे. माझी चौकशी कोणी केली नाही.

१९ मे
खरं कारण सांगते. पोरी, हे लिहू नकोस. — लिहितेच आहे.
दवाखान्यात कागदावर सही लागते. मला अक्षर येत नाही. आणि चाळीस वर्षं दालचिनी सोलून अंगठा गुळगुळीत झालाय. मागे एका कचेरीत कारकुनाने तो तीनदा दाबून घेतला, तीनदा नुसता डाग. "आच्ची, अहो आजी, तुम्ही आहात तरी का?" रांग हसली. मीही हसले. घरी येऊन जेवले नाही.
सुजीवाचं पेन थांबलं. "इतक्या वर्षांत मला सांगितलं नाहीत?"
आता सांगितलं ना. लिही.

२२ मे
वाळा ओट्यावर आला आणि वळसा घालून पडून राहिला. सुजीवा खुर्चीवर चढली नाही. वाकून म्हणाली, "अम्मा, हा बघा 'र' झालाय. रणमेणिकाचा र. तुमचा."
मी त्याच्या वरून हवेत बोट फिरवलं. मग तांदळाच्या पिठात. एकाहत्तर वर्षं हे नाव ऐकत आले, दिसलं आज. तेही धुरकट.

२३ मे
पिठात र, राखेत र. धनपाल म्हणतो, "अम्मा, रोटीपुरतं तरी पीठ ठेव."

३० मे
नर्सने शाईची डबी पुढे केली. मी पेन मागितलं.
"एकच अक्षर चालेल?"
"तुमचंच आहे ना, आच्ची? मग चालेल."
बाहेर सुजीवा रडत होती. म्हटलं, खुर्ची आणू का?

२० जून
मातीला हात लावायची परवानगी मिळाली. आधी कुंडी मागितली. वाळा तळहातावर घेऊन उजेडात धरला. डोक्यावर, कातडीखाली, दोन काळी टिंबं. डोळे आहेत त्याला.
माफी मागितली. खालची सही माझ्या हातची.

र