घरजावयाला हसणारी मालिका

प्रिय मामा,

काल तुझी मालिका संपली. शेवटच्या भागात सगळ्यांची लग्नं लावली आणि सगळे बंगल्यासमोर फोटोला उभे राहिले. तुझा तो घरजावईसुद्धा, भजी चावत. टीव्ही बंद करताना आई म्हणाली, "दादा असता तर पोट धरून हसला असता." तू गेल्यापासून ती असंच मध्येच तुझं नाव काढते. आणि उद्या मला सुशीच्या बापाला लग्नाचं उत्तर द्यायचंय. आता विचारू कोणाला? म्हणून लिहितोय.

किती भांडायचो आपण त्या मालिकेवरून! बाजाराच्या दिवशी तू डोळखांबहून आमच्याकडे शेणव्याला यायचास, चहा घेऊन थेट टीव्हीपुढे. मी मुरबाडच्या कॉलेजात मार्क्सचा विचार अर्धाच शिकून, सरांशी भांडून परत आलेला. मला प्रत्येक सीनमध्ये तेच दिसायचं. एवढा बंगला, भांडी कोण घासतं? कंपनी ह्यांची, राबतं कोण? सिनेमाचं तर सोडच. हिरो तिच्यासाठी दहा गुंड लोळवतो, पण लग्नानंतर दोघांचं पोट कशावर चालणार, हे एकदा तरी कोणी विचारतं का?

"तुझं भाषन जाहिरातीत दे रे," तू म्हणायचास. "आता गप ऱ्हा."

पण तो घरजावई आला की माझं डोकं फिरायचं. सोफ्यावर लोळणारा, सासऱ्याचं फुकट खाणारा. अरे, तू स्वतः घरजावई ना! आपल्यात मुलीच्या बापाला देज द्यावं लागतं. तुझ्याकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून मामीच्या घरी राहून नांगर धरलास, दरसाल त्यांचं घर शाकारलंस, तिच्या धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन डोंगर उतरलास. त्या घरात सगळ्यात जास्त राबला तो घरजावईच. पण ज्यांच्या हातात चॅनेल, त्यांना जावई माहीत तो आयतं खाणारा.

"मामा, ते तुलाच हसतायत!" मी एकदा ओरडलोच.

"मला कुठं रे? मला बघितलंय कोनी?" असं म्हणालास, आणि पुन्हा हसायला लागलास.

ह्या उत्तराचा मला अजून राग येतो. हसायचं कशाला? एकदा तरी चिडायचं होतंस!

तुझ्या वाटचं मी चिडलो. मागणी घालायला गेलो तेव्हा सुशीचा बाप म्हणाला, "देज नाय ना? मग घरात ये, शेती बघ." मी म्हटलं, "मी वेठबिगार नाय!" आणि पाणीसुद्धा न पिता उठलो. जीव तिच्यात अडकलेला, आणि तोंडात घोषणा.

त्याच संध्याकाळी सुशीचा फोन आला. ती हायवेवरच्या गोदामात पॅकिंगला जाते, उभ्यानं काम, आवाजातच कळतं. "बाबा म्हनतो देज, तू म्हनतो शोषन. दोघं माझंच मोल करताय. आनि मी कामावरून येऊन सगल्यांच्या भाकऱ्या थापते, ते रे कशात धरलं तुमी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यायचं तर ये," ती म्हणाली. "पन तुझ्या त्या दाढीवाल्या मार्क्सला बाहेर वट्यावरच बसव."

थकलोय रे मामा. सिनेमातली सगळी घरं मला आरपार दिसतात. सुशी आयुष्यभर एकाच घरात राहिली, त्या घरात ती काय काय करते हे मात्र तिलाच मला सांगावं लागलं.

उद्या जाणार आहे. तुला शब्द देतो, राबेन. पण किती वर्षं, ते चार माणसांसमोर आधी ठरवून घेईन. तू कधी ठरवलंच नाहीस आणि जन्मभर राहिलास. आणि सुशी गोदामातून यायच्या आत चुलीपुढे मी बसेन. भाकऱ्या जाड होतील, करपतील. तिच्या बापालाही त्याच खाव्या लागतील.

तुझा भांडखोर भाचा,
किसन